कराडच्या ताटातलं पापलेट आणि माहेरची खाडी

संगमावरची_सून (कराड)

नमस्कार मंडळी. प्रश्न विचारायच्या आधी थोडं घरचं सांगते, नाहीतर मी काय विचारतेय ते कळायचं नाही.

माझं माहेर गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या तोंडाकडं. 1998 ला लग्न होऊन कराडला आले. विद्यानगरला कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ चालवते. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे. सुरुवातीला सासूबाई नाकाला पदर लावायच्या. देशावर मासा म्हणजे नदीतला मरळ, वाम, नाहीतर चिलापी. समुद्राचा मासा "वास मारतो" म्हणायच्या. आता त्यांनाच रविवारी बांगडा लागतो, तो भाग वेगळा.

माल पहाटे कुंभार्ली घाट चढून येतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी पापलेट घ्यायचे तेव्हा किलोला चार, फार तर पाच बसायची. गेल्या महिन्यात किलोला पंधरा आली. तळहातावर ठेवलं तर बोटं बाहेर राहतात. आणि पोरांना तेच हवं असतं, कारण थाळीत "अख्खं पापलेट" दिसतं. मोठ्याचा तुकडा दिला की विचारतात, मावशी, डोकं कुठं गेलं?

दुसरी गोष्ट माहेरची. आई ओहोटीला खडकावर कालवं फोडायला जायची, मी डबा धरायची. वडील पाग टाकायचे. बोय, रेणवी, पावसाच्या तोंडाला चिंबोऱ्या. भाऊ तिथंच आहे. तो सांगतो की खडक आहे, पण कालवं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. वर्षातून दोन-तीनदा सकाळी पाण्यावर मासे उलटे तरंगतात. कुणी येऊन बाटलीत पाणी भरून नेतं, पुढं काय होतं ते त्याला आजवर कळलेलं नाही.

आता खरा प्रश्न. गावात काही जण म्हणतात, कोयनेचं गोडं पाणी आमच्या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत सोडतात, त्यानं खाडी मेली. हे ऐकल्यापासून मला चैन नाही. मी इथं कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापासून हाकेच्या अंतरावर राहते, कोयनेचंच पाणी पिते, त्याच पाण्यात खानावळीची भांडी घासते. तीच कोयना माझ्या माहेराला मारतेय का? आणि ही बारकी पापलेटं मी घ्यावीत की नाही? मी नाही घेतली तर शेजारचा घेणारच, हे मलाही कळतं.

कृष्णाकाठचा_गडी (सांगली)

ताई, समुद्र राहू द्या लांब. आमच्याकडं नदीतच मासे मरून काठाला लागतात, तेव्हा कोण विचारतंय? सांगलीच्या सांडपाण्याचा शेरी नाला वर्षानुवर्षं कृष्णेत जातोय. उन्हाळ्यात मळीचं पाणी आलं की पुलावरून जाताना नाक धरावं लागतं. सातारा-सांगलीच्या माणसानं समुद्राची काळजी करायची म्हणजे घर जळत असताना शेजाऱ्याच्या दिवाळीची चौकशी.

पोफळीवाले_काका (पाटण)

कोयनेबद्दल मी बोलतो, कारण 31 वर्षं त्याच पाण्यावर भाकरी खाल्ली. निवृत्त होऊन पाटणला राहतो.

बेटा, तू म्हणतेस ते पाणी खरं आहे. कोयना धरणाच्या जलाशयाचं, म्हणजे शिवसागरचं पाणी नवजाकडून बोगद्यानं सह्याद्रीच्या पोटातून पलीकडं जातं, पोफळीला वीज करतं, मग कोळकेवाडीला अडवून पुन्हा वीज करतं, आणि शेवटी अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, म्हणून वाशिष्ठीत पडतं. कृष्णा लवादानं पश्चिमेकडं वळवायला वर्षाला 67.5 टीएमसी दिलंय. धरणात मावतं 105 टीएमसी, यावरून अंदाज कर. म्हणजे तुझ्या घराजवळ संगमावर कृष्णेला भेटते ती उरलेली कोयना. बाकीची तुझ्या माहेरी जाते. सासर-माहेर दोन्हीकडं नांदणारी नदी दुसरी कुठली नसेल.

पण तारखा बघ. पहिल्या टप्प्याची वीज 1962 ला सुरू झाली. म्हणजे अवजल तेव्हापासून वाहतंय. तू आईबरोबर डबा धरून उभी होतीस ते साल 1980 च्या पुढंमागं असेल. त्याआधी वीस वर्षं ते गोडं पाणी खाडीत येतच होतं आणि कालवं होतीच ना? मग गेल्या पंधरा-वीस वर्षांत कालवं गेली त्याचा दोष एकट्या त्या पाण्यावर कसा टाकायचा?

फरक पडला नाही असं मी म्हणत नाही. चिपळूणच्या अंगाला, गोवळकोटपर्यंत, उन्हाळ्यातही नदीला पाणी असतं ते याच्यामुळं. भरती तिथवर चढते, तिथं खारं-गोडं बदललं असणार. पण तुझं गाव तोंडाशी. तिथं दिवसातून दोनदा समुद्र आत येतो. तिथल्या खडकावर कोयनेपेक्षा दर्याची सत्ता.

मी चिपळूणला असायचो तेव्हाची गोष्ट सांगतो. खाडीत वाळूचे सक्शन पंप रात्रंदिवस धडधडायचे. पाणी चहासारखं व्हायचं. आणि 22 जुलै 2021 च्या पुरानं जो गाळ आणला तो मी डोळ्यांनी पाहिलाय, घरांत कमरेएवढा चिखल होता. तो सगळा शेवटी गेला कुठं? खालीच.

खारा_वारा (मूळ वाई, सध्या रत्नागिरी)

काकांनी अर्धं काम केलं. मी वाईचा, पण रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो आणि इथंच राहिलो. माझी आजी अजून विचारते, "कोळ्याचं शिक्षण घेऊन काय मिळवलंस?"

कालवांचं आधी. मासा पळतो, कालव पळत नाही. पिल्लू असताना एकदा दगडाला चिकटलं की जन्मभर तिथंच बसून येईल ते पाणी गाळत राहतं. म्हणून खाडीत काय चाललंय हे सगळ्यात आधी त्यालाच भोगावं लागतं. गाळ बसला की कल्ले चोंदतात. बारीक चिखलाचा थर असलेल्या दगडावर नवं पिल्लू धरतच नाही. पाण्यातून विषारी काही आलं, जड धातू आले, तर ते अंगात साठवतं. खडक आहे पण कालवं नाहीत, या तुमच्या भावाच्या वाक्यात गाळाची शंका मला सगळ्यात जास्त येते. मासे उलटे तरंगतात ते प्रकरण वेगळं. ते एका रात्रीत होतं. एकदम ऑक्सिजन संपला, नाहीतर काहीतरी सोडलं गेलं.

भावाला एक सांगा. बाटली भरणारा येईपर्यंत भरती-ओहोटी होऊन जाते आणि पाणी बदललेलं असतं. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा तर नमुन्यात जागेवरच रसायन घालून तो बांधून घ्यावा लागतो. दुपारी गाडीतून प्रयोगशाळेत नेलेल्या बाटलीचा त्यासाठी उपयोग नाही. तेव्हा मासे दिसल्याबरोबर मोबाईलवर फोटो काढायचे, वेळ आणि भरती होती की ओहोटी हे वहीत लिहायचं, चार ताजे मेलेले मासे पिशवीत घालून बर्फात ठेवायचे. मीठ लावायचं नाही. तक्रार लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. नाहीतर "पाणी नॉर्मल" असं उत्तर येतं आणि ते खोटंही नसतं, कारण तोवर ते नॉर्मल झालेलं असतं.

ऑक्सिजनचा विषय निघालाय तर हेही ऐका, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. अरबी समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत ऑक्सिजन अतिशय कमी असलेलं पाणी कायमचंच आहे. पावसाळ्यातल्या वाऱ्या-प्रवाहांनी ते खालचं गार पाणी आपल्या किनाऱ्याकडं वर सरकतं. त्यात खतासारखी द्रव्यं भरपूर, म्हणून शेवाळ फोफावतं आणि त्यावर तारली-बांगड्याची चंगळ होते. पण वर नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं बसलेलं असतं. मेलेलं शेवाळ खाली कुजतं, हवा खाली जात नाही, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोवा-कोकणच्या उथळ समुद्रात तळाचा ऑक्सिजन जवळजवळ संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे 2000 सालीच मांडलं. हे चक्र मुळात निसर्गाचं. पण त्यात आपल्या शेतातलं नत्र आणि गावांचं सांडपाणी पडलं की शेवाळाला आणखी खुराक मिळतो.

वर पाणी तापतंय ते वेगळंच. 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली वादळं आधीच्या दोन दशकांच्या मानानं 52 टक्क्यांनी वाढल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या अभ्यासात आलंय. क्यार, निसर्ग, तौक्ते ही नावं तर तुमच्या भावाला पाठच असतील. प्रत्येक वादळ म्हणजे होड्या आठ-पंधरा दिवस बंदरात, आणि मग गेलेले दिवस भरून काढायला हाताला लागेल ते ओढायचं.

आता पापलेट. ते 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. त्याच वर्षी राज्यानं 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. एकदा तरी अंडी घालून होऊ द्या, मग धरा, असा हेतू. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180. तुमची किलोला पंधरा म्हणजे त्या रेषेवरची, काही नक्कीच आतली.

बारकी येतात कशी? ट्रॉलच्या, म्हणजे होडीमागं ओढत न्यायच्या जाळ्याच्या, खोळ्याला (शेवटच्या पिशवीला) 40 मिलिमीटरची चौकोनी आस (जाळ्याचं भोक) असावी असा नियम आहे, म्हणजे पिल्लं निसटतील. चौकोनी आस ताण आला तरी उघडी राहते, नेहमीची तिरकी आस मिटते. प्रत्यक्षात कुठली जाळी वापरतात ते बंदरावर एक चक्कर मारलीत की दिसेल. वर पर्ससीन, म्हणजे थव्याभोवती गोल टाकून खालून आवळायचं मोठं जाळं. सोमवंशी समितीच्या 2012 च्या अहवालानंतर 2016 ला राज्यानं पर्ससीनवर बंधनं आणली, चारच महिने, सप्टेंबर ते डिसेंबर. आणि एलईडी. जनरेटर लावून पाण्यात प्रखर दिवे सोडायचे, थवेच्या थवे गोळा होतात, लहानमोठं सगळं. केंद्रानं 2017 ला बंदी घातली. रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर कधीकधी गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून हातानं ओढायचं जाळं, ओढणारा माणूस तो उजेड बघून काय बोलतो ते इथं लिहिता येणार नाही.

उसातला_माणूस (वाळवा)

म्हणजे मी एकरी पोत्यानं युरिया टाकतो तो ताईंच्या खाडीत जातो का काय? आता रात्रीची झोप गेली.

खारा_वारा

झोपा निवांत. तुमचा बांध कृष्णेच्या खोऱ्यात, कृष्णा पूर्वेला जाते. तुमचा युरिया आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा मुक्कामांनी आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला मिळतो. वाटेत बराचसा धरणांतच अडकतो. गाळही तिथंच अडकतो, आणि नवा गाळ न मिळाल्यानं तिकडं कृष्णेच्या मुखाशी किनारा समुद्र खातोय. त्यामुळं अगदी निवांत नका झोपू.

बर्फाची_गाडी (तासगाव)

मी मासळीचा टेम्पो हाकतो, बारा वर्षं झाली. रत्नागिरी-आंबा घाट-कोल्हापूर-सांगली, कधी चिपळूण-कुंभार्ली-कराड. शास्त्र मला कळत न्हाय, पेटी कळते.

ताई, पेटीत वरच्या थराला मोठा मासा, खाली बारका. हे सगळ्यास्नी ठाऊक हाय आन् कुणीच पेटी पालथी करून घेत न्हाय. तुम्ही घ्या. व्यापारी तोंड वाकडं करंल, करू द्या.

दुसरं. एक जून ते एकतीस जुलै आपल्याकडं यांत्रिक होड्या बंद असत्यात. तरी जुलैत कराडात, सांगलीत "रत्नागिरीचा ताजा" म्हणून माल इकायलेत. बिनइंजिनाच्या होडीला मोकळीक असती, खाडीतला थोडाफार येतो, पण तो किती येणार? बाकी एकतर डीप फ्रीजचा, नाहीतर पूर्व किनाऱ्याचा. तिकडची बंदी पंधरा एप्रिलला लागती आन् चौदा जूनला उठती. मागल्या जुलैत मी मिरजेत पेट्या उतरवल्या, त्यावर तेलुगू अक्षरं. व्यापाऱ्याला इचारलं तर म्हणला, मछलीपट्टणम. मी नकाशात बघितलं. कृष्णेच्या मुखाला लागूनच की वो!

वाळव्याचे पाव्हणं, तुमचा युरिया परत आला बघा ताटात.

आणि पापलेटच कशाला. ज्या बारक्याला गिऱ्हाईक न्हाय ती सगळी कचरा मासळी म्हणून वाळवून, दळून कोंबडीच्या खाद्यात जाती. इटा-खानापूरकडं पोल्ट्र्या काय कमी हायत? माळकरी माणूस अंडं खात नसंल तर सुटला, बाकी सगळी समुद्रच खायलेत.

कृष्णाकाठचा_गडी

बरं, माझं वरचं वाक्य मागे घेत नाही, पण निम्मं गिळतो. मछलीपट्टणमचं मला माहीत नव्हतं.

पोफळीवाले_काका

गुहागरचं निघालंय म्हणून. यंदाचं नव्हे, जानेवारी 2025 चं. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची एक मादी अंडी घालायला आली, तिच्या परावर बिल्ला होता, 03233. शोधलं तर तो बिल्ला 2021 ला ओडिशात गहिरमाथ्याला लावलेला. एवढा भारत वळसा घालून आली. तोवर पूर्वेची कासवं पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला असंच बहुतेक जण धरून चालत होते. कासविणीनं कुणाला विचारलं नाही. मी हे नातवाला सांगितलं तर म्हणाला, आजोबा, तिला कोयनेच्या बोगद्यानं जवळ पडलं असतं.

संगमावरची_सून

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण आधी करून बघायचं होतं.

काकांच्या हिशोबानं एक ओझं उतरलं. मी भावाला फोनवर 1962 चं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मग कोणावर रागवायचं?" मी म्हटलं, वही घे. त्यानं माझ्या भाचीची जुनी शाळेची वही घेतलीय. पहिल्याच पानावर तारीख, "सुकती, सकाळी सहा", आणि खाली "बोय 11 मेलेली, चिंबोरी 2". फोटोही काढले. पिशवी बर्फात ठेवलीय, वहिनी वैतागलीय कारण फ्रीज एकच आहे. तक्रारीची पोच मिळाली.

बाजारातलं सांगते. मुलाच्या कंपासमधली स्टीलची पट्टी घेऊन पहाटे गेले. व्यापाऱ्याला म्हटलं, पेटी पालथी कर. टेम्पोवाले दादा, तुम्ही म्हणालात तसंच तोंड वाकडं झालं. वरची सहा मोठी, खाली बारीक. मापायला बसले तर नवीच अडचण. बर्फात आदळून कित्येकांच्या शेपटीची टोकं तुटलेली, आता शेवट कुठला धरायचा? मागं उभा असलेला हमाल म्हणाला, "मावशी, ब्लाऊजचं माप घेताय का?" सगळा बाजार हसला, मीही हसले. तरी शेपूट शाबूत असलेली बावीस मोजली. नऊ 135 च्या आत. सगळ्यात बारकं 112.

ती पेटी मी घेतली नाही. दुसऱ्यानं पाच मिनिटांत उचलली, ते खोटं कशाला सांगू.

खानावळीच्या फळ्यावरून "अख्खं पापलेट" पुसलं. आता बुधवारी तारली, शुक्रवारी बांगडा, रविवारी मोठा मासा मिळाला तर तुकडा. दोन पोरं शेजारी गेली. एक परत आला, तारलीच्या तिखल्यासाठी. आईच्या पद्धतीनं त्रिफळं घालून करते, ती भाऊ पाठवतो.

एक राहिलंच. वाईच्या दादांनी तारलीची चंगळ होते म्हणून लिहिलंय, पण बाजारात ती एखाद्या वर्षी ढिगानं असते आणि एखाद्या वर्षी गायबच. मी सगळी खानावळ तिच्यावर टाकली आणि ती पुढच्या वर्षी आलीच नाही तर?

खारा_वारा

रास्त शंका. तारली पूर्वीपासून तशीच, लहरी. केरळात 2012 ला जवळजवळ चार लाख टन निघाली आणि 2021 ला साडेतीन हजार टनही नाही. पुन्हा परतलीही. पाणी तापलं, प्रवाह बदलले की ती लगेच दगा देते. फळ्यावर नाव खडूनं लिहा, रंगानं नको.

बर्फाची_गाडी

ताई, शुक्रवारी कराडात गाडी हाय. तारली आली तर शेपटीसकट आणतो. पट्टी तयार ठेवा.

संगमावरची_सून

आणा. आणि परत जाताना जेवून जा, पाटणहून काकांनाही गाडीत घ्या.